रबरी पट्ट्याचा ताण: जुन्या मोटारीची सीट पुन्हा बांधताना

जुनी मोटार पुन्हा उभी करताना इंजिन, पत्रा, वायरिंग आणि रंग यांवर महिनोन्‌महिने खल होतो. सीटची पाळी येते तोवर उत्साह आणि पैसा दोन्ही आटलेले असतात, आणि चर्चा कव्हरचा रंग कोणता, शिलाई कशी, पाइपिंग पांढरी की काळी एवढ्यावर उरकते. कव्हर आणि फोम यांच्या खाली जे रबरी पट्टे माणसाचे वजन तोलून धरतात, त्यांचे काम मग कारागिराच्या हाताच्या अंदाजावर सोडले जाते. महागडे लेदर चढवून थोडे दिवस होतात न होतात तोच सीटचा मध्य खोल जातो. किंवा उलट, ती इतकी कडक लागते की तासाभराच्या प्रवासात कंबर बोलू लागते. दोष फोमवर ढकलला जातो. पण असे बिघडलेले काम उघडून पाहिले तर फोमइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, संशय पट्ट्यांच्या ताणावर घ्यायला हवा. हा ताण हाताच्या जोरावर ठरवायची गोष्टच नाही. तो टेप लावून, टक्केवारीत ठरवावा लागतो. असे का, ते आधी समजून घेतले पाहिजे, कारण ते पटले नाही तर मोजण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्या पिरेली कंपनीने फोम रबर आणि रबरी पट्टे बैठकीसाठी वापरायला घेतले. वास्तुरचनाकार मार्को झानुसो यांनी हेच साहित्य घेऊन आर्फ्लेक्स कंपनीसाठी १९४९ मध्ये ‘अँट्रोपस’ आणि १९५१ मध्ये ‘लेडी’ या खुर्च्या घडवल्या. ‘लेडी’ला त्याच वर्षी मिलानच्या त्रिएनाले प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. मोटारींच्या दृष्टीने या पट्ट्याचा मोठा गुण म्हणजे तो जागा खात नाही. कॉइल स्प्रिंगच्या सीटला स्प्रिंगच्या उंचीएवढी खोली द्यावी लागते. पट्ट्याला लागते ती फक्त झोळ पडण्यापुरती मोकळी जागा. जमिनीलगत बसवणाऱ्या ठेंगण्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींना हे फारच सोयीचे होते. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी हे त्याचे ओळखीचे उदाहरण. तिच्या नंतरच्या सीटांत बैठकीखाली सुट्या पट्ट्यांऐवजी कडेने तारेचे हूक असलेला अख्खा रबरी पडदा आला. ट्रायम्फ स्पिटफायरमध्येही असा पडदा आढळतो. पट्टा असो की पडदा, तत्त्व एकच. मूळ पट्ट्यात रेयॉनच्या दोऱ्यांचे दोन थर तिरपे कापून, एकमेकांना छेद देतील असे ठेवून रबरात बसवलेले असतात. पट्टा ताणला की या तिरप्या दोऱ्यांमधला कोन मिटत जातो आणि पुढचा प्रत्येक मिलिमीटर अधिक जड जातो. म्हणजे वरून साधा दिसणारा हा पट्टा प्रत्यक्षात एक आडवी स्प्रिंग आहे.

नेमके हेच हाताच्या अंदाजाला कळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक सीटवाल्यांचा हात फियाट आणि ॲम्बेसेडरच्या स्प्रिंगांवर, काथ्यावर आणि फोमवर बसलेला आहे, आणि पट्टा म्हटले की डोळ्यांपुढे येते ती खाटेची नवार. नवार सुती, तिला स्वतःचा असा ताण जवळजवळ नसतोच. म्हणून ती जितकी ओढून बांधाल तितकी चांगली, आणि सैल पडली की पुन्हा ओढायची. रबरी पट्ट्याला हा न्याय लावला की काम बिघडलेच. नवारीला ताण द्यावा लागतो तो तिची ढिलाई काढण्यासाठी. रबरी पट्ट्याला सुरुवातीला जेवढा ताण द्याल, तेवढाच कडकपणा तुम्ही त्या सीटला कायमचा बहाल करता.

हे विधान साध्या भूमितीने तपासता येते. चौकटीच्या दोन कडांमध्ये ४०० मिलिमीटर अंतर आहे आणि त्यात एक पट्टा १० टक्के ताणून बसवला आहे, असे धरू. माणूस बसल्यावर पट्ट्याचा मध्य ४० मिलिमीटर खाली गेला, तर प्रत्येक बाजूची २०० मिलिमीटरची लांबी सुमारे २०४ होते. म्हणजे वाढ अवघी दोन टक्क्यांची. एकूण ताण १० वरून १२ टक्क्यांवर जातो, इतकेच. झोळ ८० मिलिमीटर पडला तरी एकूण ताण साडेअठरा टक्क्यांच्या आसपास राहतो. याचा अर्थ असा, की बसतानाच्या पहिल्या टप्प्यात पट्टा जो विरोध करतो तो बव्हंशी आधीच दिलेल्या ताणातून येतो, बसल्यामुळे नव्याने आलेल्या ताणातून नव्हे. सुरुवातीची खेच दुप्पट केली की सुरुवातीचा कडकपणाही दुप्पट होतो. म्हणून १० टक्क्यांच्या जागी २० टक्के ओढलेला पट्टा थोडासा अधिक घट्ट होत नाही. तो वेगळीच सीट तयार करतो. शेजारशेजारचे पट्टे असे कमीजास्त ओढले गेले, तर वजन अधिक ताणलेल्यावर पडते, बाकीचे नावाला उरतात, आणि बसणारा माणूस कळत नकळत एका अंगाला कलतो.

मग किती ताणायचे? रबरी पट्ट्यासाठी बैठकीला साडेसात ते दहा टक्के आणि पाठीला त्याहून कमी, साधारण पाच टक्के, हा रूढ हिशेब आहे. पट्टा पुरवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल, तर तोच प्रमाण मानावा. आकडा माहीत असूनही चूक होते ती कापताना. समजा, चौकटीतल्या समोरासमोरच्या खाचांमध्ये ४०० मिलिमीटर अंतर आहे आणि दहा टक्के ताण हवा आहे. ४०० ला १.१ ने भागून ३६४ मिलिमीटर कापावे असे वाटते. पण पट्ट्याच्या टोकांना पोलादी क्लिपा असतात, आणि पोलाद ताणत नाही. प्रत्येक क्लिपने खाचेपासून पट्ट्याच्या पकडीपर्यंत १५ मिलिमीटर जागा घेतली, तर प्रत्यक्ष ताणणारा भाग ३७० मिलिमीटर भरायला हवा. त्यासाठी दोन पकडींमधला मोकळा पट्टा हवा ३३६ मिलिमीटर, आणि वर क्लिपच्या तोंडात जाणारा दोन्हीकडचा तुकडा वेगळा. क्लिपांचा हिशेब विसरून पकडींमध्ये ३६४ मिलिमीटर ठेवले, तर ३७० पर्यंत जाताना ताण दीड टक्क्याच्या आसपासच राहतो. दहा टक्क्यांचे काम केल्याचे समाधान आणि हातात दीड टक्का, असा हा घोटाळा असतो. आणि असा पट्टा पहिल्याच बैठकीला झोळ धरतो. तेव्हा आधी एक क्लिप रिकामी बसवून ती किती जागा खाते ते मोजावे, आणि मगच कात्री उचलावी.

मापे चौकटीवरून घ्यावीत, जुन्या पट्ट्यावरून कधीही नाही. वर्षानुवर्षे ताणून राहिलेले रबर सोडवल्यावर मूळ लांबीवर परत येत नाही; त्यात कायमची वाढ राहून जाते. जुना पट्टा नमुना मानून नवा कापणे म्हणजे जुन्या पट्ट्याची झीज नव्यात उतरवणे. जुन्या पट्ट्यांचा उपयोग वेगळा आहे. सीट उघडल्याबरोबर, काहीही न काढता, वरून आणि खालून फोटो घ्यावेत: पट्टे किती, कोणत्या खाचेत, क्लिपचे तोंड वर की खाली, कोणत्या भागात ते दाट आहेत. बैठकीच्या मागच्या भागात, जिथे शरीराचा भार सर्वाधिक येतो, तिथे ते जवळजवळ असण्याला अर्थ असतो. सगळे समान अंतरावर बसवून दिसायला नीटनेटके करण्याचा मोह टाळावा. एखादाच पट्टा तुटला असेल तरी बदलताना संपूर्ण संच बदलावा. थकलेल्या सोबत्यांमध्ये एकटा नवा पट्टा घातला की भार त्याच्यावरच येतो.

नव्या पट्ट्याआधी चौकटीकडे वळावे, कारण ताण शेवटी तीच सोसते. लोखंडी चौकटीत खाचांच्या कडा गंजून पातळ झालेल्या असतात, नळ्यांचे वेल्डिंग कोपऱ्यात तडकलेले असते, आणि खाचेवर उरलेला धारदार कंगोरा क्लिप हळूहळू कापत राहतो. कंगोरे कानसून घ्यावेत, वेल्डिंग आत्ताच करून घ्यावे. पट्टे चढल्यावर त्या चौकटीला ज्योत लावता येत नाही. रंग पूर्ण वाळल्याशिवाय पट्टे चढवू नयेत, कारण रंगातले विद्रावक रबराला मारक असतात. खनिज तेल, ग्रीस आणि पेट्रोल यांनी रबर फुगते आणि मऊ पडते, म्हणून बिजागरीला आणि सरकत्या रुळाला ग्रीस लावायचे ते मोजके, आणि हात पुसून. तांब्यापितळेच्या चकत्या किंवा रिव्हेट रबराला लागून ठेवू नयेत. तांब्याच्या संसर्गाने रबर लवकर कुजते. लाकडी चौकट असेल तर आतली कड रंध्याने गोल करावी, चौकटीला वाळवी किंवा जुन्या खिळ्यांच्या भोकांची चाळण लागली आहे का ते पाहावे, आणि पट्टा रुंद डोक्याच्या चुकांनी कडेपासून जरा मागे, एका ओळीत ठोकावा. सुती नवारीप्रमाणे त्याचे टोक दुमडून ठोकायची गरज नाही. रबरात विणीचे धागे उसवायचे नसतात.

क्लिप बसवण्याचे काम छोटे, पण सगळा भार पुढे त्याच्यावर असतो. पट्ट्याचे टोक गुण्याने रेघ मारून काटकोनात कापावे. ते क्लिपच्या तोंडात शेवटपर्यंत घालावे आणि बेंच व्हाइसमध्ये क्लिप संपूर्ण रुंदीवर एकसारखी दाबावी. हातोडीने ठोकलेली क्लिप एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने सैल राहते. मग ताण पट्ट्याच्या एकाच कडेवर येतो आणि तिथून चीर सुरू होते. व्हाइसचे जबडे पट्ट्याच्या ५० मिलिमीटर रुंदीपेक्षा मोठे हवेत. दाबल्यावर क्लिपचे दात रबरात रुतलेले दिसले पाहिजेत, पण आरपार गेलेले नकोत. बसवताना आधी एक टोक अडकवावे, चौकट टेबलाला क्लॅम्पने जखडावी, दुसरे टोक ग्रिप प्लायरने क्लिपपाशी धरून खाचेत आणावे. ताणलेली क्लिप निसटली तर थेट चेहऱ्याकडे येते. चष्मा लावण्याला पर्याय नाही. सुरुवात मधल्या पट्ट्यापासून करून आळीपाळीने दोन्हीकडे सरकावे, म्हणजे चौकट एका बाजूला ओढली जात नाही.

या सगळ्यावर नजर ठेवणारे साधन एका खडूएवढे स्वस्त आहे. कापलेल्या प्रत्येक पट्ट्यावर, ताणण्याआधी, मध्यभागी बरोबर १०० मिलिमीटर अंतरावर दोन रेघा माराव्यात. बसवल्यावर ते अंतर ११० आले तर दहा टक्के, १०७.५ आले तर साडेसात. १०३ आले तर क्लिपचा हिशेब चुकला. ११६ आले तर कापताना हात आखडला. रेघांमुळे क्लिपांची मापे, खाचांतला फरक, कापण्यातली कुचराई यांचा सगळा हिशेब एकाच आकड्यात समोर येतो. रुंदीही मोजावी: पट्टे चढवण्यापूर्वी आणि नंतर चौकटीच्या दोन कडांमधले अंतर घेतले, आणि ते ठळकपणे कमी झाले असेल, तर चौकट आत वाकते आहे, तिथे पट्ट्याला दोष न देता चौकटीला आधार द्यावा लागतो.

यावर अनुभवी कारागीर एक रास्त आक्षेप घेतात. रबर पुढे सैल पडतेच, मग सुरुवातीलाच थोडे जास्त ओढून ठेवले तर बिघडले कुठे? रबर सैल पडते हे खरेच. पण ही ढिलाई ठरावीक मिलिमीटरची नसते. ती ढोबळमानाने दिलेल्या ताणाच्या प्रमाणात असते. जास्त ओढलेला पट्टा जास्तच गमावतो. शिवाय ही घट वेळेच्या पटीत होते: पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत जेवढी, साधारण तेवढीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. म्हणजे तिचा मोठा वाटा पहिल्याच दिवसात उरकतो. यावरचा उपाय जादा ओढणे हा नाही. पट्टे बसवून एक दिवस तसेच ठेवावेत, सगळे एकसारखेच दबतात ना ते अंगठ्याने तपासावे, सरकलेली क्लिप पुन्हा बसवावी आणि मगच फोम चढवावा. जादा ताणाचा दुसरा तोटा उशिरा दिसतो. हवेतला ओझोन रबराला तडे पाडतो, पण ते पडतात ताणलेल्या रबरात, आणि ताणाच्या दिशेला आडवे. आपल्या उन्हात काचा लावून उभ्या मोटारीत उष्णतेची भर पडतेच. जुना पट्टा बोटावर दुमडून पाहिला तर रुंदीभर पसरलेल्या या आडव्या चिरा उघड्या डोळ्यांनी दिसतात. जास्त ताणून आपण सीट टिकाऊ करत नाही. तडे जाण्याची घाई करतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. मूळ जातीचा पट्टा परदेशातून मागवायचा, त्याचे पोस्टेज आणि कस्टम भरायचे. त्यापेक्षा सोफ्यात वापरतात तो विणीचा इलॅस्टिक पट्टा बाजारात सहज मिळतो. तो वापरणे निषिद्ध नाही. चूक होते ती त्याला रबरी पट्ट्याचा दहा टक्क्यांचा नियम लावण्यात. विणीचा इलॅस्टिक कितीतरी अधिक ताणला जातो. दहा टक्क्यांवर तो बसण्याजोगा आधारच देत नाही. अशा वेळी पट्ट्यालाच विचारावे. मूळ जातीचा एक तुकडा आणि पर्यायी पट्ट्याचा तेवढाच तुकडा टांगून दोन्हींना सारखेच वजन लावावे, समजा दहा किलो, आणि दोघे किती वाढले ते मोजावे. मूळ पट्ट्याला दहा टक्के वाढायला जेवढे वजन लागते, तेवढ्या वजनाला पर्यायी पट्टा जितका वाढेल तो त्याचा आकडा. टक्केवारी बदलली, खेच तीच राहिली. तपासणीला दोन तास लागतात; पण एकदा हा आकडा हाती आला की तोच पट्टा पुढच्या सगळ्या सीटांना लावता येतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत व्यवहारी आणि सगळ्यांत घातक. पट्ट्यांचा खटाटोप कशाला, चौकटीवर प्लायवुडची फळी टाकली आणि वर जाड फोम घातला की झाले. फळी दबत नाही, म्हणून संपूर्ण दबणे फोमच्या वाट्याला येते. तो दाबून संपला की खाली कठीण फळी लागते. तो संपू नये म्हणून जाड घातला की बसणारा उंच जातो, आणि एमजीबीसारख्या ठेंगण्या मोटारीत डोके छताला व मांड्या स्टिअरिंगला लागू लागतात. झिगझॅग स्प्रिंग बसवण्याची सूचनाही येते. स्प्रिंगला पकडायला चौकटीवर नवे आकडे वेल्ड करावे लागतात, तिची खेच मूळ चौकट ज्या खेचेसाठी घडवली होती तिच्याहून वेगळी असते, आणि उद्या कोणाला मूळ रूपात जायचे झाले तर ते आकडे कापून काढावे लागतात. पट्ट्यांचे काम मात्र कधीही उलटवता येते; खाचा जागच्या जागी राहतात. ज्या मोटारीत मुळातच स्प्रिंगची सीट होती तिथे अर्थातच स्प्रिंगच हवी.

पट्टे नीट बसवूनही काम एका कापडाने बिघडू शकते. पट्ट्यांमधल्या फटीत फोम घुसू नये म्हणून मध्ये गोणपाटाचा थर घालतात. तो चौकटीला ताणून बांधला, तर वजन कापडावर येते, पट्टे खाली नुसते लोंबत राहतात, आणि सगळे मोजमाप वाया जाते. म्हणून गोणपाट पट्ट्यांच्या झोळाएवढी ढिलाई ठेवून अंथरावे. मग फोम ठेवावा आणि कव्हर न चढवता सीटवर बसून पाहावे. दुसऱ्या कोणाला खालून मोजायला सांगावे: चौकटीच्या पातळीपासून सर्वांत खाली गेलेला पट्टा किती मिलिमीटर आहे, डावीकडे आणि उजवीकडे फरक आहे का, आणि त्याच माणसाच्या वजनाला दोन्ही पुढच्या सीट सारख्याच दबतात का. सीटखालच्या फरशीपासून अंतर उरले पाहिजे. खड्ड्यात गाडी आपटल्यावर झोळ आणखी वाढतो.

सीटचे काम बाहेर देणार असाल, तर कारागिराला ‘जरा घट्ट ओढा’ किंवा ‘मऊ ठेवा’ असे सांगू नका. प्रत्येकाच्या हातात घट्टपणाचे माप वेगळे असते. कागदावर चारच गोष्टी लिहून द्या: पट्ट्यांची संख्या आणि जागा, दोन पकडींमधली कापण्याची लांबी, बैठकीचा आणि पाठीचा ताण टक्क्यांत, आणि बसवल्यावर खडूच्या रेघांमध्ये अपेक्षित अंतर. कव्हर चढवण्यापूर्वी पट्टे दाखवायचे, ही अट दर ठरवतानाच घाला आणि त्या भेटीला टेप घेऊन जा. शिलाई सुरू झाल्यावर तक्रार करायला जागा राहत नाही, आणि चांगला कारागीरही तेव्हा ती ऐकायला राजी नसतो. रेघांचे आकडे गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून ठेवा. पुढे कधी सीट उघडावी लागली, तर ताण किती उतरला हे सांगणारा तेवढाच पुरावा तुमच्याकडे असेल.